चित्रातली हालचाल: वारसा मोठा, सराव तोकडा

मुदखेड जंक्शनवरून आदिलाबादकडचा फाटा फुटतो. गाडी लागली की डोक्यावर गाठोडं, काखेत लेकरू आणि एक हात दाराच्या दांड्याकडे, अशी माणसं पाय उचलता उचलता तोल सावरताना दिसतात. हा सुटता-सावरता तोल पकडणं ही दृश्यकलेची जुनी कसोटी आहे. मराठवाड्याचा वारसा तिला पुरेपूर उतरतो. आजचं आपलं काम उतरत नाही.

वेरूळच्या कैलास लेण्यातला, 8व्या शतकातला रावणानुग्रहाचा प्रसंग पाहा. खाली रावण पर्वत हलवतो आहे. वर पार्वती घाबरून शिवाला बिलगते, तिची दासी पाठ फिरवून पळते आणि शिव पायाने पर्वत दाबून निवांत बसला आहे. तो स्थिर आहे म्हणूनच बाकीच्यांची धांदल अंगावर येते. अजिंठ्याच्या 17व्या लेण्यातल्या आकाशगामी अप्सरेला पंख नाहीत. गळ्यातले सर एका बाजूला झुकले आहेत, तेवढ्यावर वेग कळतो. देगलूर तालुक्यातलं होट्टल, निलंग्याचं नीलकंठेश्वर मंदिर इथल्या सुरसुंदरींचा भार एका पायावर, कंबर दुसरीकडे, मान पुन्हा उलट. पुढचं पाऊल आपणच मनात टाकतो.

अमेरिकेत कॅमेऱ्याने 1878 मध्ये घोड्याच्या धावेचे तुकडे करून दाखवले. 1912 मध्ये फ्रेंच चित्रकार द्युशाँने जिना उतरणाऱ्या देहाच्या अनेक अवस्था एकाच चित्रात रचल्या. आपल्याकडे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांच्या कलण्यातून तारपा नाच फिरता ठेवला. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे घोडे रेषेच्या जोरावर उधळले. सुधीर पटवर्धनांनी शहरातल्या कष्टकऱ्यांच्या चालण्या-धावण्यातला शिणवटा रंगवला. या तिघांनीही हालचाल आधी डोळ्यांनी पाहिली, मग हाताने काढली.

आज आपल्या चौकातल्या पुतळ्यांचे घोडे बहुधा पुढचे पाय उचलून उभे असतात. पण मागच्या पायांवर, पुठ्ठ्यावर, स्वाराच्या मांडीवर त्याचा ताण उतरत नाही. पाय उचलला म्हणजे गती आली, हा समज खोटा आहे. गती भार सरकण्यात असते. या समजाचं मूळ शाळेत सापडतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या स्मरणचित्रात बाजार किंवा बसस्थानक येतं, तेव्हा मुलं पाठ केलेल्या ठरावीक आकृत्या कागदावर मांडतात. स्मरण माणसांचं नसतं, आकृत्यांचं असतं.

यावरचा उपाय खर्चिक नाही. कलाशिक्षकांनी मुलांना वर्षातून एकदा होट्टलला न्यावं आणि दर आठवड्याला स्टेशनवर, आठवडी बाजारात, फुलांच्या तोडणीला. खोडरबर घरी ठेवून एका मिनिटात एक रेखाटन करायला लावावं. हात सुरुवातीला चुकेल, चुकू द्यावा; भार कुठून कुठे सरकतो हे डोळ्यांना कळू लागलं, की पाठ केलेल्या आकृत्यांची गरजच उरणार नाही.