सजग स्वप्नात तर्क किती जागा असतो?

स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असे स्वप्न पाहणाऱ्याला कळले, तर त्या स्वप्नाला इंग्रजीत 'ल्युसिड ड्रीम' म्हणतात. आपण त्याला सजग स्वप्न म्हणू. हा शब्द रूढ केला तो डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान ईडन यांनी, १९१३ सालच्या एका निबंधात. परंतु विषय सामान्य वाचकांपर्यंत नेण्यात मोठा वाटा आहे तो अमेरिकन संशोधक स्टीफन लाबर्ज यांच्या १९८५ सालच्या 'ल्युसिड ड्रीमिंग' या पुस्तकाचा. सजग स्वप्नात माणूस झोपलेला असूनही विवेकाने विचार करतो, जागेपणीचे सारे आठवू शकतो आणि ठरवून कृती करतो, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन. ते कितपत टिकते, हे येथे तपासायचे आहे.

पुस्तकाची जमेची बाजू प्रथम सांगितली पाहिजे. झोपेत 'मी झोपलो आहे' असा निर्णय करताच येत नाही, असे तत्त्वज्ञ नॉर्मन माल्कम यांनी १९५९ साली मांडले होते. हा वाद नुसत्या चर्चेने सुटणारा नव्हता. स्वप्ने ज्या अवस्थेत विशेष पडतात त्या जलद नेत्रचलन निद्रेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल असतात, पण डोळे हलू शकतात. मग झोपण्यापूर्वी ठरवलेली खूण स्वप्नातून डोळ्यांनीच का देऊ नये? इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी १९७५ साली अशी खूण नोंदवली. लाबर्ज यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात स्वतंत्रपणे तेच केले. एका प्रयोगात त्यांनी स्वप्नात डाव्या-उजव्या मुठी ठरावीक क्रमाने आवळून मोर्स लिपीत स्वतःच्या नावाची आद्याक्षरे 'पाठवली'. हातांच्या स्नायूंवर तो क्रम उमटला आणि मेंदूचे आलेख मात्र झोपच दाखवत होते. अशक्य म्हटलेली गोष्ट मोजून दाखवणारी ही प्रकरणे पुस्तकातील सर्वोत्तम होत. विज्ञान कसे चालते हे सांगण्यासाठी ती वर्गात अवश्य वापरावीत.

आमचा आक्षेप याच्या पुढच्या पायरीला आहे. खूण देता आली यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात : स्वप्नाची जाणीव होती आणि झोपण्यापूर्वीचा संकल्प आठवत होता. सारी विचारशक्ती जागी होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पुस्तक मात्र जाणीव आणि तर्क यांना जणू एकच धरून चालते.

मानसशास्त्रज्ञ डीर्ड्रे बॅरेट यांनी १९९२ साली नेमका हा सांधा तपासला. हे स्वप्न आहे असे खरोखर उमगले असेल, तर त्यातून चार निष्कर्ष निघायला हवेत. समोरची माणसे स्वप्नातली आहेत. वस्तू खऱ्या नाहीत. निसर्गनियमांचे बंधन येथे नाही. आणि जागेपणीचे आयुष्य नीट आठवते. प्रत्यक्षात सजग स्वप्नांच्या वर्णनांत यातला एकेक निष्कर्ष सुमारे निम्म्याच ठिकाणी आढळला. चारही एकत्र आढळले, अशी वर्णने पाव हिश्श्याहूनही कमी होती. समजा, एखाद्याला कळले की आपण स्वप्नात आहोत. तो शेजारच्या मित्राला तसे सांगतो आणि वर बजावतो, 'सकाळी मला आठवण कर.' गृहीतक त्याला सापडले, पण त्यापासून निघणारे निष्कर्ष त्याने काढलेच नाहीत.

याचा अर्थ स्वप्नात तर्क नसतोच, असा नव्हे. २०२१ साली अमेरिका, फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्स येथील चार गटांनी ३६ जणांवरील संयुक्त प्रयोग प्रसिद्ध केले. सजग स्वप्नात असलेल्यांना बाहेरून सोपे प्रश्न विचारले गेले. आठातून सहा वजा केल्यास किती, या प्रश्नाला एकाने डोळे दोनदा डावीकडून उजवीकडे फिरवून अचूक उत्तर दिले. असे १५८ प्रयत्न झाले. त्यांत २९ उत्तरे बरोबर, ५ चुकीची आणि २८ संदिग्ध होती. ९६ वेळा प्रतिसादच आला नाही. म्हणजे आकडेमोड शक्य आहे, पण ती केव्हाही हुकमी मिळेल असे नाही.

मग साध्या स्वप्नात उणीव कशाची असते? आमच्या मते तर्काची नव्हे, तर्काला लागणाऱ्या आधारविधानांची. दिवंगत आजोबा स्वप्नात ओसरीवर दिसतात आणि आपण म्हणतो, 'सकाळच्या गाडीने आले असतील.' अनुमान व्यवस्थित आहे. आजोबा हयात नाहीत ही आठवण तेवढी हजर नाही. विसंगती खटकली तरी तर्क तिच्यासाठी कारण शोधून देतो. गंमत अशी की, सजग होण्यासाठी लाबर्ज यांनी सुचवलेली मुख्य पद्धतही मुळात स्मरणाची आहे : 'पुढच्या स्वप्नात, हे स्वप्न आहे याची मला आठवण होईल' असा संकल्प करून झोपणे. लेखकाची स्वतःची पद्धतच स्मृतीचे महत्त्व सांगते. श्रेय मात्र विवेकाच्या पदरात पडते. पुस्तकाच्या अखेरीस मृत्यू आणि त्यापलीकडचे विवेचन येते. तेथे तर प्रयोगांचा आधार पार सुटतो.

शिक्षकांना हा भेद महत्त्वाचा वाटावा. निर्दोष अनुमाने काढून चुकीच्या उत्तरावर पोचणारा विद्यार्थी आपल्याला रोज भेटतो. अंधश्रद्धेचे समर्थनही पुष्कळदा अगदी तर्कशुद्ध असते. अशा वेळी 'नीट विचार कर' एवढे सांगून भागत नाही. 'हे तू कशावरून धरलेस? आणि ते खरे असेल, तर आणखी काय काय खरे असायला हवे?' असे दोन प्रश्न विचारावे लागतात. बॅरेट यांनी स्वप्नांना विचारला तो यातला दुसरा प्रश्न होय.

एक सूचना. सजग स्वप्ने पडावीत म्हणून पहाटे मुद्दाम उठून पुन्हा झोपण्याचा प्रकार केला जातो. वाढत्या वयातल्या मुलांची झोप मोडणारे हे प्रयोग शाळेतून सुचवू नयेत. स्वप्नांची वही मात्र जरूर ठेवावी. सकाळी लिहिलेल्या स्वप्नात कोणती विसंगती होती आणि ती आपण कोणत्या युक्तिवादाने पचवली, हे मुलांनी शोधावे. या अभ्यासाला कोणतेही उपकरण लागत नाही.