‘खौडन एउ’ : सोनं नक्की कुणाचं?

डच लोक आपल्या सतराव्या शतकाला ‘खौडन एउ’ म्हणतात. आपण त्याचं ‘सुवर्णयुग’ करून मोकळे होतो. पण ‘एउ’ म्हणजे युगही आणि शतकही. त्यामुळे सतरावं शतक म्हटलं की सोनं आपोआप आलंच! खरं तर हा काळ साधारण १५८८ ते १६७२ असा धरतात. पुरती शंभर वर्षंसुद्धा भरत नाहीत.

कल्पना जुनी, रोमन कवी ओव्हिडनेही रंगवलेली. गंमत बघा, त्याच्या सुवर्णयुगात जमीन न नांगरता पिकते आणि परमुलखात जायला जहाजंच नसतात. डचांचं सगळं वैभव तर जहाजांवर उभं! योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९४१ मध्येच या नावावर आक्षेप घेतला होता. सोन्यापेक्षा लाकूड, पोलाद, डांबर, रंग, शाई यांची नावं त्या काळाला शोभतील, असं त्याचं म्हणणं. माझ्यासारख्या इंजिनिअरला हे लगेच पटतं. वस्तू कशाची बनली आहे, ते आधी सांगा. चकाकीचं नंतर बघू.

पण हाउझिंगाच्या या यादीतही माणसं नाहीत. १६२१ मध्ये यान पीटरझोन कूनने जायफळासाठी बांदा बेटांवर कत्तल केली आणि पुढे तिथल्या बागा गुलामांकडून राबवल्या गेल्या. त्यांच्यासाठी हे शतक कुठल्या धातूचं?

२०१९ मध्ये ॲमस्टरडॅम म्युझियमने हा शब्द वापरणं थांबवलं. पंतप्रधान मार्क रुटे यांनी या निर्णयाला मूर्खपणात काढलं. माझ्या मते म्युझियमचं बरोबर आहे, पण अर्धंच. ‘सतरावं शतक’ ही पाटी निर्दोष आहे, तशीच मुकीही आहे. रेम्ब्रांट आणि बांदा एकाच हिशेबवहीत आहेत, हे त्या पाटीवरून कळत नाही.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात वखार काढली, ती गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करतानाच. तिचे पडके अवशेष आजही आहेत. आणि आपल्या गावांच्या, संस्थानांच्या इतिहासात ‘सुवर्णकाळ’ हा शब्द आपण किती सढळ हाताने वापरतो! मीही वापरलाय. यापुढे तो लिहिताना शेजारी तीन गोष्टी लिहायच्या, असं ठरवलंय : कुणासाठी, कुणाच्या कष्टांवर आणि कधीपर्यंत. एवढं लिहूनही शब्द टिकला, तर खुशाल ठेवावा.