क्लाउड सर्व्हरवरील 'वेका' : होटगी परिसरातील माहितीखननाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

माहितीखनन अर्थात डेटा मायनिंग हा विषय महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या संगणकशास्त्र अभ्यासक्रमांत आता रुळला आहे. त्याच्या प्रात्यक्षिकांसाठी अनेक महाविद्यालयांत 'वेका' या विनामूल्य संगणकप्रणालीचा आधार घेतला जातो. अलीकडे ही प्रणाली प्रयोगशाळेतील संगणकाऐवजी भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर बसवण्याकडे कल वाढला आहे. ती कशी बसवावी याचे मार्गदर्शन विपुल आहे. परंतु तसे केल्याने नेमके काय साधते, याची चिकित्सा अभावानेच आढळते. प्रस्तुत लेखात ती होटगी व परिसराच्या संदर्भात केली आहे.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे रेल्वेचे जंक्शन आहे. वाडीकडे जाणारा मार्ग आणि विजयपूरवरून गदगकडे जाणारा मार्ग येथे वेगळे होतात. गदगचा मार्ग मूळचा मीटरगेज. त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर होईपर्यंत एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे. एका यंत्रासाठी रचलेली प्रणाली दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर नेताना येणारी अडचण याच जातीची असते. वेकाच्या बाबतीत ती विशेष जाणवते.

शेतीतून आलेली प्रणाली

वेकाचा उगम न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठातला. १९९३ मध्ये तेथील शासनाच्या अर्थसाहाय्यातून हे काम सुरू झाले आणि शेतीविषयक नोंदींवर या तंत्राचा उपयोग करून पाहणे हा त्यामागील एक हेतू होता. दुभत्या कळपातील कोणती गाय ठेवावी व कोणती काढावी, हा आरंभीच्या अभ्यासविषयांपैकी एक होय. १९९७ मध्ये प्रणाली जावा भाषेत नव्याने लिहिण्याचे ठरले. १९९९ मध्ये इयन विटन व आइबे फ्रांक यांचा ग्रंथ आला आणि वेका जगभरच्या वर्गांत पोहोचली.

हा इतिहास सोलापूरच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. येथील कोरडवाहू शेती संशोधनाला १९३३ पासूनची परंपरा आहे. मोहोळची मालदांडी ज्वारी सर्वपरिचित आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे. डाळिंबावरील तेल्या रोग आणि पाऊस, आर्द्रता व तापमान यांचा संबंध शोधणे हा वेकासाठी स्वाभाविक विषय ठरतो. तरीही पाठ्यपुस्तकातील परदेशी फुलांच्या पाकळ्यांच्या मापांवरच आपली प्रात्यक्षिके संपतात, ही खेदाची बाब आहे.

स्मृतीचा हिशेब

क्लाउडच्या समर्थनार्थ पहिला मुद्दा मांडला जातो तो क्षमतेचा. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. समजा, परिसरातील १०० डाळिंब बागांच्या १० वर्षांच्या साप्ताहिक नोंदी उपलब्ध झाल्या. त्यांच्या सुमारे ५२,००० ओळी होतात. प्रत्येक ओळीत २० घटक धरले, आणि वेका प्रत्येक मूल्यासाठी ८ बाइट वापरते हे लक्षात घेतले, तर मूळ माहिती सुमारे ८ एमबी एवढीच भरते. गणनेसाठी याच्या कित्येक पट स्मृती लागली तरी प्रयोगशाळेतील ४ जीबीच्या साध्या संगणकाला हे काम जड नाही.

उलट स्वस्तातला सर्व्हर घेतल्यास अडचणच होते. अशा सर्व्हरला बहुधा १ जीबी स्मृती असते, आणि वेगळी सूचना न दिल्यास जावा एकूण स्मृतीचा साधारण चौथा हिस्साच प्रणालीला वापरू देते. म्हणजे वेकाच्या वाट्याला सुमारे २५० एमबी येते. 'स्मृती अपुरी' असा संदेश आला की मोठा सर्व्हर भाड्याने घेण्याचा सल्ला मिळतो. वस्तुतः कित्येकदा आरंभाच्या आज्ञेत कमाल स्मृतीची मर्यादा वाढवणे पुरेसे असते.

क्लाउडचे खरे समर्थन अन्यत्र आहे. होटगीलगत फताटेवाडी-आहेरवाडी परिसरात एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. पण प्रकल्प शेजारी असला म्हणून प्रयोगशाळेतील वीज अखंड राहते असे नाही. दूरच्या सर्व्हरवर सुरू केलेली गणना येथील वीज गेली तरी चालू राहू शकते. मात्र त्यासाठी ती जोडणीपासून स्वतंत्र अशा सत्रात, म्हणजे 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स' यांच्या साहाय्याने, सुरू करावी लागते. अन्यथा जोडणी तुटताच गणनाही बंद पडते आणि क्लाउडचा मुख्य लाभच हातचा जातो. बहुतेक मार्गदर्शनांत या एका ओळीचा उल्लेख नसतो.

जोडणीचा प्रश्न

वेकाची लोकप्रियता तिच्या चित्रमय पटलामुळे आहे. विद्यार्थी कळ दाबतो, निर्णयवृक्ष समोर येतो. लिनक्स सर्व्हरला मात्र सामान्यतः पडदाच नसतो. तेथे हे पटल उघडू पाहता जावा 'हेडलेस' अशी त्रुटी दाखवून थांबते. येथूनच आडमार्ग सुरू होतात. सर्व्हरवर संपूर्ण डेस्कटॉप बसवला जातो, दूरस्थ पडद्यासाठी ५९०१ क्रमांकाचे द्वार उघडले जाते, आणि 'जोडणी होत नाही' अशी तक्रार आली की ते द्वार जगातील सर्व पत्त्यांना खुले करण्याचा उपाय सुचवला जातो. जोडणी होते हे खरे; पण ती कोणाचीही होऊ शकते. उघड्या द्वारांचा शोध घेणाऱ्या स्वयंचलित प्रणाली आंतरजालावर अहोरात्र फिरत असतात.

याला पर्याय नाही असे नव्हे. फिनलंडमधील तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये विकसित केलेली एसएसएच ही जोडणीपद्धती याच गरजेतून आली. तीत केवळ २२ क्रमांकाचे द्वार उघडे ठेवावे, प्रवेश किल्लीच्या फाइलने द्यावा, आणि पडद्याची वाहतूक त्याच बंदिस्त बोगद्यातून न्यावी. आर-स्टुडिओचे ८७८७ किंवा ज्युपिटरचे ८८८८ हे द्वारही याच रीतीने वापरता येते. यास अर्धा तास अधिक लागतो, एवढेच.

तथापि याहून सरळ मार्ग म्हणजे सर्व्हरवर पटलाचा आग्रह सोडून देणे. वेकाची प्रत्येक पद्धती आज्ञावलीतून चालते. 'जे४८' हा निर्णयवृक्ष एका ओळीच्या आज्ञेने तयार होतो, आणि ती ओळ प्रयोगाची नोंद म्हणूनही जतन करता येते. पटलावरील कळ दाबणाऱ्यास आपण कोणते पर्याय निवडले हे महिन्याभराने सांगता येत नाही. संशोधन पुन्हा पडताळता येणे ही अट मान्य असेल, तर सर्व्हरवरील ही गैरसोय उपकारकच मानावी लागेल.

लिपी व स्थलनामे

मराठी अभ्यासकाला भेडसावणारी एक अडचण इंग्रजी मार्गदर्शनांत येण्याचे कारणच नव्हते. गावांची नावे देवनागरीत असलेली सीएसव्ही फाइल जुन्या जावावर, भाषेची मांडणी न केलेल्या सर्व्हरवर वाचली, तर देवनागरीचा प्रत्येक बाइट एकाच अनोळखी चिन्हात बदलू शकतो. 'होटगी' आणि 'वळसंग' या दोन्ही नावांत पाच-पाच वर्णसंकेत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये १५-१५ बाइट आहेत. दोन्हींच्या जागी सारखीच १५ चिन्हे येतात आणि दोन गावे एक होऊन जातात. त्रुटीचा संदेश येत नाही. उत्तर येते, आणि ते चुकीचे असते. जावाच्या १८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, यूटीएफ-८ हेच मूळ संकेतन झाले आहे. त्यापूर्वीच्या आवृत्तीत ते आज्ञेत स्पष्ट सांगावे लागते.

रोमन लिपीचा आश्रय घेतल्यानेही सुटका होत नाही. होटगीचे नाव रोमनमध्ये कधी 'टी'नंतर 'ए' घालून, कधी न घालता लिहिले जाते. सोलापूरच्या जुन्या लेखनात 'एस'नंतर 'एच' असे. सीमेपलीकडील बिजापूर व गुलबर्गा २०१४ मध्ये अधिकृतपणे विजयपूर व कलबुर्गी झाले. प्रणालीच्या दृष्टीने ही सर्व भिन्न स्थळे आहेत. सर्व्हर कितीही शक्तिमान असला तरी हे काम परिसर जाणणाऱ्या माणसानेच करावयाचे असते.

हीच गोष्ट अचूकतेच्या टक्केवारीची. एकाच बागेच्या लागोपाठच्या आठवड्यांच्या नोंदी दहा भागांत विखुरल्या, की शिकवण्याच्या व तपासण्याच्या भागांत तीच बाग येते आणि टक्केवारी फुगते. तपासणीसाठी संपूर्ण बागा वेगळ्या ठेवल्याशिवाय अशा आकड्यांना फारसा अर्थ नाही.

मालकी व उत्तरदायित्व

शेतकऱ्याचे नाव, भ्रमणध्वनी व गट क्रमांक यांची निर्णयवृक्षाला गरज नसते. ते सर्व्हरवर पाठवण्यापूर्वीच गाळून त्याजागी साधा क्रमांक द्यावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानंतर ही केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. सर्व्हर कोणत्या देशात उभा आहे हेही पाहिले पाहिजे. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून उपलब्ध आहे. परंतु निवड जाणीवपूर्वक न केल्यास सर्व्हर अमेरिकेतही उभा राहू शकतो.

खर्चाची रीत महाविद्यालयीन व्यवहाराशी जुळणारी नाही. दरपत्रके मागवून वर्षातून एकदा खरेदी करणाऱ्या कार्यालयाला तासावर वाढणारे देयक मंजूर करणे अवघड जाते. सर्व्हर 'थांबवला' तरी साठवणुकीचे भाडे चालूच राहते, हे अनेकांना देयक आल्यावरच उमगते. परिणामी खाते बहुधा एखाद्या शिक्षकाच्या वैयक्तिक कार्डावर उघडले जाते, आणि तो शिक्षक पुष्कळदा तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. सत्र संपते, नेमणूक संपते. प्रवेशाची किल्ली त्याच्या स्वतःच्या संगणकात असते. कार्डावरचे पैसे थांबले की काही काळाने खाते बंद होते आणि त्यासोबत बागांच्या नोंदीही जातात. खाते संस्थेच्या नावे, किल्लीची दुसरी प्रत विभागाकडे आणि नोंदींची मूळ प्रत प्रयोगशाळेतच, एवढी व्यवस्था सर्व्हर घेण्यापूर्वी व्हावयास हवी.