ईयोब आणि द्रौपदी

ईश्वर सर्वशक्तिमान आहे, ईश्वर दयाघन आहे आणि जगात निरपराध माणसांस दुःख भोगावे लागते, ही तीन विधाने एकत्र नांदावी कशी, हा प्रश्न विचारवंतांस फार प्राचीन काळापासून छळीत आला आहे. त्याची उत्तरेही पुष्कळ झाली. युरोपात लायब्निट्सने १७१० साली याच विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आमच्याकडे ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर पक्षपाताचा व निर्दयतेचा आरोप येतो की काय, अशी शंका घेऊन तिचे निरसन केलेले आहे. परंतु अशा ग्रंथांत एक उणीव नेहमी जाणवते. वाद करणारे दोन्ही पक्ष सुखरूप असतात. ज्याच्यावर प्रसंग कोसळला तो मनुष्य त्या सभेत बोलावलेलाच नसतो. त्याची साक्ष घ्यावयाची तर तत्त्वज्ञान सोडून वाङ्मयाकडे वळले पाहिजे. बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक आणि महाभारताच्या वनपर्वातील द्रौपदी-युधिष्ठिर संवाद, या दोन ठिकाणी अशी साक्ष नोंदलेली आहे. त्या दोहोंचा येथे एकत्र विचार करावयाचा आहे.

ईयोबाची कथा प्रसिद्ध आहे. तो ऊस देशातील धनाढ्य व सदाचारी गृहस्थ. सात पुत्र, तीन कन्या, ७,००० मेंढरे, ३,००० उंट अशी त्याची संपदा. हा मनुष्य ईश्वराला भजतो तो काय फुकट, असा प्रश्न सैतान ईश्वरासच विचारतो आणि ईयोबाची परीक्षा घेण्याची परवानगी मिळवतो. मग एकाच दिवशी एकापाठोपाठ एक चार दूत येऊन वार्ता सांगतात. शबाई लुटारूंनी बैल व गाढवी नेल्या. आकाशातून अग्नी पडून मेंढरे जळाली. खास्दी टोळ्यांनी उंट पळवले. आणि वाळवंटाकडून सुटलेल्या वादळाने घर कोसळून सारी मुले दगावली. या चार वार्तांची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिली व तिसरी आपत्ती मनुष्यकृत, दुसरी व चौथी निसर्गकृत. दुःखाचा दोष ईश्वराकडे न जावा म्हणून इच्छास्वातंत्र्याचा जो आधार घेतला जातो, तो या मांडणीपुढे निम्माच उपयोगी पडतो. मनुष्यास स्वातंत्र्य दिले, त्याने ते दुष्टपणे वापरले, असे लुटारूंविषयी म्हणता येईल. वादळाविषयी काय म्हणावे? आणि सर्वांत मोठा घाव तर वादळाचाच आहे.

ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, समाचारास येतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहतात. साऱ्या पुस्तकात त्यांच्या हातून घडलेली ही सर्वांत चांगली गोष्ट होय. पुढे ते बोलू लागतात आणि तेथून बिघाड होतो. त्यांचा सिद्धांत सरळ आहे: ईश्वर न्यायी आहे, न्यायी ईश्वर निरपराध्यास शिक्षा करीत नाही, तुला शिक्षा झाली आहे, अर्थात तुझ्या हातून पाप घडले असलेच पाहिजे. अनुमानात कोठे खोट नाही. खोट आहे ती एवढीच की, निष्कर्ष खोटा आहे, आणि वाचकास ते आरंभापासून ठाऊक आहे. स्वर्गातील तो प्रस्ताव केवळ आपणांसच दाखवून ग्रंथकाराने मोठी योजकता केली आहे. मित्रांचे प्रत्येक भाषण धार्मिक, गंभीर आणि सुंदर आहे, परंतु ते ऐकताना आपणांस संकोच वाटत राहतो. याच योजनेतून दुसरीही एक गोष्ट सिद्ध होते. ईयोबाच्या दुःखाचे खरे कारण आपणांस कळले आहे. म्हणून आपले समाधान झाले काय? मुळीच नाही. मुले मेली ती एका परीक्षेसाठी, असे त्या बापास कोणी सांगितले असते तर त्याचे दुःख कमी न होता त्यात अपमानाची भर पडली असती. तेव्हा दुःखितास जे हवे असते ते स्पष्टीकरण नव्हे, मग ते स्पष्टीकरण खरे का असेना. अखेरीस वावटळीतून ईश्वर बोलतो तेव्हा तोही कारण सांगत नाही. सृष्टीचा अफाट विस्तार तो ईयोबापुढे मांडतो आणि नंतर कोप करतो तो प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर ईश्वराची वकिली करणाऱ्या मित्रांवर. धर्मग्रंथात असा निकाल नमूद व्हावा, हे त्या धर्माचे मोठेच औदार्य म्हटले पाहिजे.

आता द्वैतवनाकडे वळू. ईयोबाची तुलना आपल्याकडे हरिश्चंद्राशी करण्याची रूढी आहे. दोघांचेही सत्त्व पाहिले गेले, एवढ्यापुरती ती ठीक आहे. पण हरिश्चंद्र निमूटपणे सोसतो. ईयोबाची खरी भगिनी द्रौपदी होय, कारण ती प्रश्न विचारते. राज्य गेले, सभेत विटंबना झाली, धर्मनिष्ठ पती वनात आणि दुर्योधन सिंहासनावर. हे पाहून ती म्हणते की, विधाता प्राण्यांशी आईबापांसारखा वागत नाही. लाकडी बाहुली नाचवावी तसा तो माणसांस नाचवितो. पुढे तिने घातलेला पेच अधिक कठीण आहे. केलेले कर्म कर्त्यासच चिकटते हे खरे असेल, तर सर्वांकडून सर्व करविणाऱ्या ईश्वरासही ते पाप चिकटले पाहिजे. आणि ते त्यास चिकटत नसेल, तर केवळ बळ हेच जगातील कारण ठरते. तसे असेल तर दुर्बळांची कीव करावी तेवढी थोडी. इच्छास्वातंत्र्य व ईश्वरकर्तृत्व यांचा विरोध याहून स्पष्टपणे क्वचितच कोणी मांडला असेल.

युधिष्ठिराचे उत्तर दुपेडी आहे. त्याचा एक भाग मित्रांच्या कोटीतला आहे: तू नास्तिक्य बोलतेस, धर्माविषयी शंका घेणाऱ्याची अधोगती होते, असा धाक तो घालतो. परंतु दुसरा भाग मोलाचा आहे. मी फळावर डोळा ठेवून धर्म करीत नाही. जो धर्माचे दोहन करू पाहतो तो धर्माचा व्यापारी होय. सैतानाने ईयोबाविषयी जो प्रश्न विचारला होता त्याचेच हे उत्तर, आणि ते देणारा स्वतः वल्कले नेसून वनात बसलेला आहे. आपले दुःख न्याय्य आहे असे तो म्हणत नाही. दुःख असूनही मी असा वागेन, एवढेच म्हणतो. म्हणून या भागास वजन आहे आणि धाक घालणाऱ्या भागास नाही.

शांकरभाष्यातील एक दृष्टांत येथे आठवतो. पाऊस सर्व पिकांस सारखाच पडतो. भात भात होतो आणि जव जव होतो तो आपापल्या बीजाच्या गुणाने. त्याचप्रमाणे ईश्वर सर्वांस समान असून सुखदुःखाचा भेद ज्याच्या त्याच्या कर्मामुळे होतो. संसार अनादी मानल्यामुळे पहिले कर्म कोठून आले हा प्रश्नही उरत नाही. तर्कदृष्ट्या इतकी बंदिस्त उपपत्ती अन्यत्र मिळणे कठीण. परंतु द्रौपदीनेही पावसाचाच दृष्टांत दिला आहे. आपण आर्त आहो म्हणून बोललो, हे ती मान्य करते. पण तेथे न थांबता दैव, यदृच्छा आणि पुरुषप्रयत्न यांचा विचार करते, आणि सांगते की, शेतकरी नांगरतो, पेरतो आणि स्वस्थ राहतो. पुढे कारण पाऊस आहे. पाऊस न आला तर त्या शेतकऱ्याकडे अपराध नाही. इतरांनी केले ते त्याने केले होते. भाष्यकारांच्या शेतात पाऊस कधी चुकत नाही. चूक झाली तर ती बीजाची. द्रौपदीच्या शेतात बी उत्तम असूनही पाऊस चुकू शकतो. तरीही पुढच्या वर्षी पेरणी सोडावी असे ती म्हणत नाही, उलट उद्योगाचाच उपदेश करते. दुष्काळ पाहिलेल्या आमच्या देशास यांतील कोणता दृष्टांत अधिक ओळखीचा वाटेल, हे सांगावयास नको.

मग कर्मसिद्धांत टाकाऊ समजावयाचा काय? आमचे मत तसे नाही. येथे व्याकरणातील पुरुषभेद उपयोगी पडतो. माझे दुःख माझ्या कर्माचे फळ आहे, असे मी म्हणेन तर त्यातून धैर्य येईल, कदाचित सुधारणाही होईल. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाकाबरोबर आत्मस्वातंत्र्याचा विचार एकाच प्रकरणात केला, तो याच अर्थाने. पण तेच वाक्य तृतीय पुरुषी करून पाहा. त्या विधवेचे दुःख तिच्या कर्माचे फळ, त्या अस्पृश्याचे हाल त्याच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ. शब्द बदलले नाहीत, पण वाक्य क्रूर झाले. आणि शतकानुशतके ते आपल्याकडे तृतीय पुरुषीच वापरले गेले.

थोरांसही हा मोह आवरत नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा ती अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा होय, असे महात्मा गांधी म्हणाले. हे मत अशास्त्रीय आहे, असा निषेध रवींद्रनाथांनी केला, आणि गांधींनी तो ‘हरिजन’मध्ये आपल्या उत्तरासह छापला. गांधींच्या वाक्यात पाप ‘आपले’ होते, त्यांनी स्वतःस त्यातून वगळले नव्हते. हे त्यांचे थोरपण. पण ‘आपण’ म्हणणारे जिवंत होते आणि मेले ते बिहारी शेतकरी, त्यांत अस्पृश्यही होतेच. प्रथम पुरुषाचे अनेकवचन वापरूनही ही अडचण सुटत नाही.

मग भूकंपापुढे इच्छास्वातंत्र्यास काहीच काम नाही काय? आहे. १७५५ साली लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा व्हॉल्तेरने काव्य लिहून ईश्वरी योजनेच्या भाटांस जाब विचारला. रूसोने त्यास पत्राने कळविले की, तेथे सहासात मजल्यांची दाट घरे काही निसर्गाने बांधली नव्हती. दुःखितापुढे हे बोलणे कठोर वाटते; पण त्याचा रोख भविष्याकडे वळविला की ते शहाणपणाचे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात साडेसात हजारांहून अधिक माणसे मेली, ती बहुतांशी चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि मातीचे जड माळवद यांखाली. त्यात कोणाचे पाप शोधणे हे अलीफजाचे काम. पुढची घरे कशी बांधावी हे विचारणे द्रौपदीचे. स्वातंत्र्याची कल्पना ईश्वराच्या बचावासाठी वापरली की ती मृतांवर आरोप करते. जिवंतांचे कर्तव्य ठरविण्यासाठी वापरली की ती उपकारक होते.

ईयोबाच्या शेवटी त्यास सारी संपत्ती दुप्पट मिळते आणि पुन्हा सात पुत्र व तीन कन्या होतात. हा शेवट आम्हांस मान्य नाही. मेंढरांची भरपाई होते, मुलांची होत नाही. वनपर्वात असा हिशेब मिटविलेला नाही, आणि तेवढ्यापुरते व्यासांचे चित्र अधिक खरे आहे. परंतु एका गोष्टीत दोन्ही ग्रंथ एकच सांगतात. ईश्वरावर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे, हा निर्णय ज्याचे दुःख त्याने करावयाचा आहे. ईयोबाने तो केला, युधिष्ठिरानेही केला. शेजारी बसलेल्याने तो त्याच्या वतीने करू नये. त्याच्यासाठी पहिले सात दिवस मुकाट्याने बसणे आणि आठव्या दिवशी नांगराला हात लावणे, एवढे काम राखून ठेवलेले आहे.