आवृत्ती, पाठ आणि सोबती

मराठी पाठचिकित्सेने एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती इतकी स्वाभाविक वाटते की तिचा उच्चारही सहसा होत नाही. एखाद्या ग्रंथाच्या दोन प्रती समोर आल्या की त्यांतील कोणती प्रत मूळ लेखनाला अधिक जवळची, एवढे ठरवावयाचे. ते ठरले की वाद मिटला. त्यानंतरही कोणी दुसऱ्या प्रतीचा आग्रह धरीत असेल तर तो अज्ञानामुळे किंवा श्रद्धेमुळे, असे मानले जाते. अज्ञान दूर करता येते आणि श्रद्धेशी वाद घालता येत नाही, म्हणून अभ्यासक तेथे थांबतो. हे थांबणे योग्य आहे का, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो विचारण्यासाठी मी एका अगदी दूरच्या, आणि आमच्या विद्यापीठीय वर्तुळात पोरकट मानल्या जाणाऱ्या क्षेत्राकडे प्रथम वळतो. तेथे श्रद्धेचा प्रश्न नाही, मूळ प्रतीबद्दल संशय नाही, आणि तरीही आवृत्त्यांवरून होणारे भांडण गेली पन्नास वर्षे शमलेले नाही.

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. पहिली छपाई अवघ्या हजार संचांची होती. या खेळात पट असलाच तर दुय्यम. चारसहा जण टेबलाभोवती बसतात; एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे काय करतात ते खेळाडू बोलून सांगतात, आणि जेथे निष्पत्ती अनिश्चित असते तेथे फासे पडतात. आता पुण्या-मुंबईतही तरुणांचे गट तो खेळतात. कथन, नाट्य आणि द्यूत यांचा असा संयोग वाङ्मयविचाराला खरे तर आव्हान वाटावयास हवा होता. आपल्याकडे त्याची दखल नाही. पण सध्या मला त्या खेळापेक्षा त्याच्या नियमग्रंथात रस आहे.

हा नियमग्रंथ सतत बदलत गेला. १९७७ ते १९७९ या काळात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हणविणारी विस्तृत संहिता तीन ग्रंथांत आली. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. अमेरिकेतील धर्मनिष्ठ पालकांच्या निषेधाची झळ लागल्याने तीतून सैतान आणि राक्षस यांची रूढ नावे वगळली गेली. मूळ कंपनी १९९७ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’कडे गेली. तिने २००० साली तिसरी, २००८ साली चौथी आणि २०१४ साली पाचवी आवृत्ती काढली. प्रत्येक वेळी खेळणाऱ्यांत फूट पडली. चौथ्या आवृत्तीच्या वेळी ती इतकी खोल गेली की ‘पेझो’ या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेने तिसऱ्या आवृत्तीच्याच नियमांवर आधारलेला ‘पाथफाइंडर’ हा खेळ २००९ मध्ये बाजारात आणला आणि नाराजांचा मोठा वर्ग तिकडे गेला.

भांडणाचा विषय काय असतो? एकच उदाहरण घेतो, कारण ते वाङ्मयाच्या अभ्यासकाला विशेष बोलके वाटेल. पहिल्या आवृत्त्यांत जादूगार सकाळी मंत्र पाठ करतो आणि एकदा उच्चारला की तो मंत्र त्याच्या स्मृतीतून पुसला जातो. हा नियम खेळाच्या सोयीतून जन्मलेला नाही. तो जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या कथासंग्रहातील कल्पनेवरून उचललेला आहे. म्हणजे नियमाच्या पोटात एक कथा दडलेली होती. ज्ञान वापरले की संपते, ही विलक्षण कल्पना खेळाडू प्रत्येक डावात जगत होता. चौथ्या आवृत्तीने योद्धा, चोर, जादूगार अशा सर्वच पात्रांना एकाच साच्याच्या ‘शक्ती’ दिल्या: काही केव्हाही, काही एका झुंजीत एकदा, काही दिवसातून एकदा वापरावयाच्या. तोल साधला, हिशेब सोपा झाला. परंतु जादूगार आणि योद्धा यांच्यातील अंतर आता केवळ नावापुरते उरले, अशी तक्रार झाली. बाहेरच्याला ती क्षुल्लक वाटेल. मला ती शैलीविषयक तक्रार वाटते, आणि शैलीविषयक म्हणूनच गंभीर.

पण यापुढचा प्रश्न अधिक कठीण आहे. जुनी पुस्तके जुन्या खेळाडूंच्या कपाटात सुरक्षित होती. नवी आवृत्ती निघाल्याने त्यांतील एक अक्षरही पुसले गेले नाही. ज्याला १९७९ची संहिता प्रिय आहे त्याने ती खुशाल खेळावी. मग त्याला दुखापत कसली झाली? नव्या आवृत्तीचे समर्थक नेमका हाच युक्तिवाद करतात, आणि एकट्या वाचकाच्या दृष्टीने तो बिनतोड आहे.

येथे आपले नेहमीचे सिद्धांत फारसे उपयोगी पडत नाहीत. नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजिस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात साहित्यकृतीची ओळख तिच्या अक्षरसंहितेशी बांधली: अक्षरे तीच तर कृती तीच. नियमग्रंथाला हे लागू पडत नाही. २००६ साली हौशी खेळाडूंनी ‘ऑस्रिक’ नावाची संहिता तयार केली. तीत पहिल्या आवृत्तीचे नियम जवळजवळ तसेच, पण शब्द वेगळे. कारण अमेरिकन कायद्यानुसार खेळाच्या पद्धतीवर स्वामित्वहक्क नसतो, तिच्या शब्दरूपावर असतो. शब्द बदलूनही ‘तोच’ खेळ परत मिळाला, असे खेळाडूंना वाटले. स्टॅन्ली फिश यांच्या अर्थनिर्णायक समुदायाची संकल्पना (१९८०) थोडी अधिक जवळ येते. मात्र फिश यांचा समुदाय हा समान सवयी असलेल्या, पण वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचणाऱ्यांचा समुदाय आहे. त्यांतील एक जण उद्या उठून गेला तरी दुसऱ्याचे वाचन अडत नाही. खेळाडूचे अडते.

कपाटातील पुस्तक शाबूत राहते, टेबलाभोवतीची माणसे राहत नाहीत. नवे येणारे नवी आवृत्ती घेऊन येतात, जुने एकेक करून तिकडे सरकतात, आणि जुन्या संहितेचा जाणकार एके दिवशी सोबत्यावाचून उरतो. आपल्याकडे याचा दाखला देशी बुद्धिबळाचा आहे. त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर जाई, राजाला एकदा घोड्याची चाल घेता येई, किल्लेकोट नव्हता, आणि शेवटच्या घरी पोचलेले प्यादे त्या घरच्या मोहऱ्याचे रूप घेई. पंजाबातील सुलतान खान याच देशी पद्धतीत तयार झाले, नंतर आंतरराष्ट्रीय नियम शिकले आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटनचे अजिंक्यपद मिळवून आले. देशी पद्धत कोणी बंद केली नाही, तिच्याविरुद्ध फर्मान निघाले नाही. स्पर्धा दुसऱ्या नियमांनी होऊ लागल्या, एवढेच. आजही कोणी ते नियम वाचून समजून घेऊ शकतो. समोर बसावयास मात्र कोणी नाही.

हे लक्षात घेऊन ज्ञानेश्वरीच्या प्रतींकडे परत येऊ. शके १२१२ (इ. स. १२९०) मधील या ग्रंथाची एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली आपल्याला सापडलेल्या पोथीवरून वेगळी संहिता छापली. ती एकनाथपूर्व आहे असा त्यांचा दावा होता. भाषेच्या अभ्यासकांनी तिच्यातील जुन्या रूपांमुळे तिला महत्त्व दिले. वारकऱ्यांनी आपले पारायण सांप्रदायिक प्रतीवरच चालू ठेवले. सोनोपंत दांडेकर यांच्यासारखा पुरुष प्राचार्यही होता आणि वारकरीही, म्हणून या दोन जगांत अगदीच भिंत होती असे नाही. तरी विद्यापीठीय लेखनात सांप्रदायिक प्रतीचा उल्लेख बहुधा क्षमाशील सुरात होतो.

हा सूर पारायण न ऐकणाऱ्याचा आहे. मुळशी तालुक्यात, मुठा नदीच्या खोऱ्यातील मुठा या गावी सप्ताहाच्या मंडपात मी काही काळ बसलो आहे. समोर व्यासपीठचालक, त्यांच्या पुढे ओळीने बसलेले स्त्रीपुरुष, प्रत्येकापुढे ग्रंथ. वाचन मोठ्याने आणि एकत्र. एका बाईंनी घरातील जुनी, वेगळ्या छापखान्याची प्रत आणली होती. एका ठिकाणी त्यांच्या प्रतीतील चरण वेगळा निघाला, त्यांचा आवाज एकटा पडला आणि त्या थांबल्या. शेजारणीने आपली प्रत त्यांच्याकडे सरकवली. कोणता पाठ प्राचीन, हा प्रश्न तेथे कोणाच्याही मनात नव्हता, आणि नसण्यात काही कमीपणाही नव्हता. तेथे पाठ म्हणजे एकत्र म्हणता येण्याची अट. ओव्यांची संख्या प्रतीप्रतींत सारखी नाही हे अभ्यासकाला तळटीपेत नोंदवता येते. मंडपात त्यामुळे आवाज फुटतो.

म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन अस्तित्वकोटी आहेत. अभ्यासिकेत तो गुडमन म्हणतात तशी अक्षरसंहिता आहे. मंडपात तो खेळाच्या नियमग्रंथाजवळ जातो. साम्य पूर्ण नाही. ‘ऑस्रिक’सारखे शब्द बदलून ज्ञानेश्वरी परत मिळविता येणार नाही, तेथे शब्दच सर्वस्व आहे. पण म्हणून तर मंडपातील अट अधिकच कडक होते.

पुण्याला हा प्रश्न नवा वाटू नये. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे भारतीय पाठचिकित्सेचे सर्वोच्च शिखर होय, वि. सू. सुकथनकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि सर्व पर्वांचे काम १९६६ साली. आपण व्यासांची मूळ संहिता देत आहोत असा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून पोहोचता येईल असे प्राचीनतम रूप देण्याचा त्यांचा यत्न होता. या यत्नाचा एक अटळ परिणाम असा, की सिद्ध झालेली संहिता तिच्या नेमक्या रूपात यापूर्वी कोणत्या सभेत म्हटली गेली होती, असे दाखविता येत नाही. गणपतीने लेखन केल्याची कथा मुख्य संहितेतून परिशिष्टात गेली. संशोधनाच्या दृष्टीने ते बरोबरच झाले. ती कथा ऐकत मोठे झालेल्या श्रोत्याला मात्र आपले महाभारत आणि हे महाभारत यांत फट दिसते. ती फट त्याच्या अज्ञानाने पडलेली नाही.

याचा अर्थ समुदाय म्हणतो तेच प्रमाण, असा कोणी घेऊ नये. समुदायही निष्पाप नसतो. आवृत्तीच्या निमित्ताने ‘खरा’ खेळाडू कोण, हे ठरवून नवख्यांना, आणि त्यांत विशेषतः स्त्रियांना, दाराबाहेर ठेवण्याचे प्रकार त्या खेळात झाले आहेत. संप्रदायांच्या इतिहासातही अधिकाराचे प्रश्न पाठाच्या आडून सोडविले गेले आहेत. शिवाय आवृत्ती सिद्ध करणाराही स्थिर नसतो. १९७४च्या पुस्तिकांत गायगॅक्स खेळाडूंना आपल्या कल्पनेने भर घालण्यास मोकळीक देतात. तेच गायगॅक्स १९७९च्या सुमारास एकरूपतेचा आग्रह धरू लागतात आणि नियम मोडून खेळणारा हा खेळच खेळत नाही असे सुचवितात. ज्याने भर घातली त्यानेच दार लावावे, हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. एकनाथांनी पाठभेदांनी बिघडलेली प्रत शुद्ध केली आणि शेवटी आपल्या ओव्या जोडून, यापुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी घालू नये असे बजाविले. हेतू निराळे आहेत. गायगॅक्स यांच्या आग्रहामागे व्यवसाय आणि स्पर्धाही होत्या. पण दोघांनाही एकत्र म्हणणाऱ्यांचा, एकत्र खेळणाऱ्यांचा समूह डोळ्यांपुढे होता, आणि असा समूह मोकळ्या पाठावर फार काळ टिकत नाही हे दोघांनाही कळले होते.

फरक स्वामित्वाचा आहे, आणि तो मोठा आहे. एकनाथांच्या प्रतीचा कोणी मालक नव्हता. ‘विझर्ड्स’ने २००० साली इतरांना आपले मूलभूत नियम वापरण्याचा खुला परवाना दिला होता, तो मागे घेण्याचा मसुदा जानेवारी २०२३ मध्ये फुटला तेव्हा, एरवी आवृत्तीवरून एकमेकांशी भांडणारे सारे गट एकत्र आले. तिसरीवाले, पाचवीवाले, १९७९वाले, सर्व. त्या महिन्याच्या २७ तारखेस कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमपाठ कोणालाही कायमचा वापरता येईल अशा परवान्याखाली सोडून दिला. पुढे २०२४ साली नियमग्रंथाची नवी रूपे आली. त्यांत पात्रांच्या ‘वंशा’ऐवजी ‘जाती-प्रजातीं’मधील प्रजाती हा शब्द आला, अनेक नियम पालटले, परंतु कंपनीने त्यांना सहावी आवृत्ती म्हटले नाही. पाचवीच, सुधारलेली, असे ती सांगत राहिली. खेळाडूंनी मात्र कोणत्या टेबलावर कोणते साल चालते हे पहिल्याच बैठकीत विचारावयास सुरुवात केली आहे.