स्वतःची विहीर की चवदार तळे?

२०१९ च्या नोव्हेंबरात आपल्यातील बऱ्याच लिहित्या मंडळींनी ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर बिऱ्हाड हलविले. सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे खाते बंद झाले होते, प्रा. दिलीप मंडल यांच्या खात्यावर बंधन आले होते आणि ती मानाची निळी खूण वाटताना जात आडवी येते, असा उघड आरोप दलित-बहुजन कार्यकर्त्यांनी केला होता. मीही त्या लोंढ्यात होतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. शब्द हाती आला तो उशिरा, म्हणून तो कोणाच्या ओसरीखाली उभे राहून उच्चारायचा नाही, ही जिद्द होती. परंतु काही महिन्यांत माझ्या ओळखीचे बहुतेक जण परतले. मीही परतलो.

हा पराभव होता काय, याचा विचार आपल्या समीक्षेने केला पाहिजे. साधनांची चर्चा आपण तंत्रज्ञांवर सोपवितो. वस्तुतः आपण कोठे लिहितो हा प्रश्न आपण काय लिहितो या प्रश्नाइतकाच वाङ्मयीन आहे. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. स्वतःचे पत्र ही आपली हौस नव्हती, निकड होती.

मॅस्टोडॉनचे आकर्षण खोटे नाही. जर्मनीतील ऑयगेन रोचको यांनी २०१६ मध्ये ते सुरू केले. ते एका मालकाचे दुकान नाही. हजारो लहान सर्व्हर, प्रत्येकाचा चालक निराळा, नियम निराळे. एका सामायिक नियमावलीच्या आधारे ते एकमेकांशी बोलतात. आपण निवडलेल्या माणसांचे लेखन आले त्या क्रमाने दिसते. कोणाला पुढे काढावे आणि कोणाला मागे ढकलावे, हे ठरविणारा मुकादम मध्ये नाही. 'मॅस्टोडॉन डॉट सोशल' या सर्व्हरच्या नियमांत तर वंशवादाच्या जोडीला जातीयवादही निषिद्ध म्हणून नोंदलेला आहे. ही गोष्ट लहान नाही.

तरीही 'विकेंद्रित' या शब्दाला आपण भुलू नये. भारतीय खेडे विकेंद्रितच होते! ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवावर कोरडे ओढले, ते ते खेडे भोगलेल्यांच्या वतीने. प्रत्येक सर्व्हरला चालक असतो. तो सज्जन असला तर गाव बरे. नसला तर तो कोणालाही बाहेर काढू शकतो, दुसऱ्या सबंध सर्व्हरशी व्यवहार तोडू शकतो. आपल्या भाषेत याला वाळीत टाकणे म्हणतात. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की हे हत्यार आपल्याही हाती येऊ शकते. जातीय शिवीगाळ पिकविणाऱ्या सर्व्हरला आपणही वेशीबाहेर ठेवू शकतो. शिवाय येथे उठून दुसऱ्या गावी जाता येते आणि अनुयायीही बरोबर नेता येतात. जुने लेखन मात्र मागेच राहते. ज्यांचा इतिहास आधीच कोणी लिहून ठेवला नाही, त्यांना हा तोटा परवडणारा नाही.

दुसरा प्रश्न पोटाचा आहे. सर्व्हरला भाडे लागते, जाणकार लागतो, वेळ लागतो. मी वर्गात हा विषय काढला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तिथं आपली माणसं किती?" तिच्या घरात एकच मोबाइल, तोही भावंडांत वाटलेला. शिष्यवृत्तीची बातमी, अत्याचाराची वार्ता तिला गर्दीतच भेटते. तिला 'बाहेर पडा' म्हणणे म्हणजे पोटभर जेवलेल्याने उपवासाची थोरवी सांगणे होय.

२०२२ च्या ऑक्टोबरात इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले, २०२३ मध्ये त्याचे 'एक्स' केले. निळी खूण पैशाने मिळू लागली. मान विकत मिळू लागला म्हणजे तो सर्वांना मिळाला असे नव्हे. स्थलांतराची हाक पुन्हा उठली आणि आपल्यापुढे पुन्हा तोच पेच उभा राहिला.

हा पेच आपल्याला नवा नाही. वेगळ्या विहिरीपुरताच प्रश्न असता तर २० मार्च १९२७ रोजी महाडला जाण्याचे कारण नव्हते. चवदार तळे सार्वजनिक होते, म्हणूनच त्यावर हक्क सांगायचा होता. आणि त्यानंतर पंधरवड्यातच, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. तळ्यावरचा हक्क आणि स्वतःचे पत्र यांत बाबासाहेबांनी निवड केली नाही. दोन्ही उभे केले.

आपणही तेच केले पाहिजे. गर्दीची जागा प्रस्थापितांना आंदण देऊ नये. तेथे उभे राहून हिशेब मागावा. त्याच वेळी चार संस्थांनी मिळून एक लहान सर्व्हर चालवावा. त्याचा चालक एकटा नसावा, निवडलेली समिती असावी. आणि प्रत्येकाने आपल्या लेखनाची प्रत आपल्याजवळ ठेवावी. मी या सत्रापासून विद्यार्थ्यांसह एवढे तिसरे काम सुरू केले आहे. पहिली दोन एकट्याने होणारी नाहीत.