महाविद्यालयांच्या स्मरणिका व हजेरीपट : एक साधनचिकित्सा

मराठवाड्यातील जुन्या महाविद्यालयांना आता पन्नास, साठ, क्वचित सत्तर वर्षे होऊन गेली. त्या निमित्ताने निघालेल्या महोत्सवी स्मरणिका, संस्थापकांचे गौरवग्रंथ आणि अलीकडे मूल्यांकनासाठी सिद्ध केलेले अहवाल असे पुष्कळ साहित्य जमा झाले आहे. पुढेमागे या विभागाच्या उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिण्यास कोणी प्रवृत्त झाला, तर त्याच्या हाती प्रथम हेच साहित्य येईल. सबब साधन म्हणून त्याची किंमत काय, हे आताच पाहून ठेवणे इष्ट होय.

या परीक्षणापुरता प्रश्न एकच घेतला आहे. ज्यांना विद्येच्या दारात पूर्वी कोणी उभे करीत नव्हते, ते लोक महाविद्यालयात आले, टिकले व पदवी घेऊन बाहेर पडले, यात संस्थाचालकांचे व प्राचार्यांचे कर्तृत्व किती, हे या साधनांवरून कळते काय? बीड जिल्ह्यातील व शेजारच्या जिल्ह्यांतील ज्या स्मरणिका प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आल्या, त्यांवरून उत्तर द्यावयाचे तर ते बहुतांशी नकारार्थी आहे. संस्थापकाचे छायाचित्र, मंत्र्यांचे शुभसंदेश, इमारतीचा खर्च, गुणवंतांची यादी व क्रीडास्पर्धांतील ढाली हा त्यांचा ठरलेला क्रम होय. 'बहुजनांच्या दारी ज्ञानगंगा आणिली' हे वाक्य बहुतेकांत सापडते. गंगा कोणाच्या दारी पोहोचली व कोणाच्या वळचणीपाशी थांबली, हे मात्र एकीतही सापडत नाही. राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढिला, तेव्हा बखरींच्या विश्वसनीयतेवर त्यांनी जे कठोर आक्षेप घेतले, ते सर्व या आधुनिक बखरींना लागू पडतात. किंबहुना जुना बखरकार निदान पराभवाचे प्रकरण तरी लिहीत असे.

या स्मरणिकांतून एक पौराणिक दाखला वारंवार येतो, तो सत्यकाम जाबालाचा. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातील ही कथा आपली प्राचीन गुरुकुले सर्वांस खुली होती याचा पुरावा म्हणून दिली जाते. मुलगा आईस गोत्र विचारतो. आपण तारुण्यात अनेकांच्या घरी राबत असता तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही, असे ती सांगते. मुलगा हारिद्रुमत गौतमापुढे तेच जसेच्या तसे निवेदन करितो आणि गुरू त्याचा स्वीकार करितो. येथे स्मरणिकाकार थांबतो. पोथीत मात्र पुढे गौतमाचे कारण दिले आहे, ते असे की, ब्राह्मणाखेरीज दुसरा कोणी इतके स्पष्ट बोलणार नाही. म्हणजे गौतमाने दार सर्वांस उघडले नाही. आलेला मुलगा आतलाच आहे असा निर्णय केला व मग त्यास आत घेतले. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील अपशूद्राधिकरणात हीच कथा शूद्रास अधिकार नाही हे सिद्ध करण्यासाठी योजिलेली आहे, ही गोष्ट तर संस्कृतज्ञ म्हणविणाऱ्या लेखकांनीही ध्यानात घेतलेली दिसत नाही. एकच प्रसंग समावेशाचा दाखला म्हणून छापावा व त्याच प्रसंगावर बहिष्काराचा सिद्धांत उभा असावा, हे साधनचिकित्सेच्या अभावाचे उत्तम उदाहरण होय.

हा दोष इतरांचाच आहे असे नाही. मी स्वतः तीस वर्षे वर्गात ही कथा अर्धीच सांगत आलो. एकदा दहावीतील एका मुलाने, ज्याचे आईबाप दर वर्षी ऊसतोडीस जात, मला विचारिले, "गुरुजी, मग त्या सत्यकामाला शिकवलं काय?" मी पोथी पुन्हा उघडिली. गुरूने त्यास चारशे कृश गाई दिल्या आणि तो त्यांमागे रानात गेला. त्यांच्या हजार होईपर्यंत परतला नाही. ब्रह्माचे चार पाद त्यास बैलाने, अग्नीने, हंसाने व मद्गू पक्ष्याने सांगितले. म्हणजे प्रवेश मिळाला तो गुराखी म्हणून, आणि शिक्षण झाले ते आश्रमाबाहेर. पुढे हाच सत्यकाम आचार्य झाल्यावर त्याच्याकडे उपकोसल नावाचा शिष्य बारा वर्षे अग्नी सांभाळीत राहिला. इतरांस त्याने समावर्तन करून घरी धाडिले, यास तेवढे ठेविले, आणि पत्नीने रदबदली केली असता काही न बोलता प्रवासास निघून गेला. स्वतः कष्टाने वर आलेला मनुष्य दुसऱ्यासाठी दार आपोआप उघडतो, ही समजूत गौरवग्रंथांत सर्वत्र गृहीत धरिलेली असते. उपनिषत्कार याहून सावध होते.

आता प्रत्यक्ष इतिहासाकडे वळू. महाराष्ट्रात ज्यांनी वंचितांस उच्च शिक्षणापर्यंत खरोखर नेले, त्यांच्या कार्याच्या तारखा मांडून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते : वसतिगृह आधी व महाविद्यालय मागून. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग 1901 साली निघाले व त्यामागून निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभी राहिली. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था 1919 साली काले येथे स्थापिली, साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह 1924 साली सुरू केले आणि शिवाजी महाविद्यालय निघाले ते 1947 साली. डॉ. आंबेडकरांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली आणि पुढील वर्षाच्या आरंभीच सोलापुरास तिचे वसतिगृह उघडले. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय त्यानंतर एकवीस वर्षांनी, 1946 साली, निघाले. या क्रमात योगायोग नाही. उपाशी व बेघर विद्यार्थ्यास प्रवेशाचा हक्क देणे म्हणजे काय, हे या तिघांनी पदरमोड करून जाणिले होते. सिद्धार्थमध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेविले गेले, ही वेळापत्रकातील एक ओळ एका संपूर्ण गौरवग्रंथापेक्षा अधिक सांगते.

मराठवाड्यात हे कार्य 1950 साली औरंगाबादेस आले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेथे काढिलेल्या महाविद्यालयाची कोनशिला 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. हा विभाग तेव्हा हैदराबाद संस्थानाचा वारसा सांगणाऱ्या राज्यात होता; विद्यापीठ उस्मानियाचे, आणि त्याची शिक्षणभाषा दीर्घकाळ उर्दू होती. त्यामुळे गावकुसाबाहेरील मराठी मुलास पदवी दोन कोस नव्हे, दोन जन्म दूर होती. डॉ. आंबेडकरांनी या महाविद्यालयास पुढे 'मिलिंद' व त्याच्या परिसरास 'नागसेनवन' हे नाव दिले. संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भ्रमर. एका कविमनाच्या स्मरणिकाकाराने त्यावरून 'ज्ञानमधू टिपणारा' अशी व्युत्पत्तीही करून टाकिली आहे. वस्तुतः हा मिलिंद पाली ग्रंथातील, यवनराज मिनँडर होय. त्या ग्रंथात वाद आरंभण्यापूर्वी नागसेन राजास विचारितो की, तू पंडितांच्या रीतीने बोलणार की राजांच्या? पंडित खंडन झाले तरी रागावत नाहीत. राजे विरोध करणाऱ्यास दंड करितात. राजाने पंडितांची रीत पत्करिली. महाविद्यालयास वाद हरण्याची तयारी असलेल्या सत्ताधाऱ्याचे नाव द्यावे, यात प्राचार्यपदाची व कुलगुरुपदाची एक व्याख्याच सामावलेली आहे. ज्यांना शाळेत संस्कृत शिकू न दिल्यामुळे पर्शियन घ्यावी लागली, त्यांना ही कथा पालीत सापडली, याची संस्कृताच्या शिक्षकास थोडी लाज वाटली पाहिजे.

मिलिंदचे फळ काय, हे सांगण्यास पदवीधरांची यादी नको. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' नाटक तेथून पुढे आले. गंगाधर पानतावणे तेथे अध्यापक होते व 1967 पासून त्यांनी 'अस्मितादर्श' चालविले. आणिलेली मुले केवळ टिकली नाहीत, बोलू लागली.

यापुढील प्रकरण अवघड आहे व स्मरणिकांची खरी परीक्षा तेथेच होते. 1938 साली उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. औरंगाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही त्यात होते. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांपैकी अनेकांस आपल्याकडे प्रवेश दिला. हा निर्णय नेतृत्व या शब्दास साजेसा होता, आणि आमच्या स्मरणिका त्याचे वर्णन योग्य अभिमानाने करितात. कोणत्या गावचा कोण विद्यार्थी बाहेर पडला, याच्या नावनिशीवार याद्या देतात.

चाळीस वर्षांनी, 27 जुलै 1978 रोजी, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि विभागात दलित वस्त्यांची जाळपोळ सुरू झाली. ठराव अमलात येण्यास 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. त्याच वर्षी नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे वेगळे विद्यापीठ निघाले; बीड जिल्हा मूळ विद्यापीठाकडेच राहिला. या सोळा वर्षांत किती विद्यार्थ्यांचे शिक्षण तुटले, कोणत्या महाविद्यालयाने त्यांना परत बोलाविण्यास माणूस धाडिला, कोणी त्यांची परीक्षा पुन्हा घेतली, कोणी त्यांचे शुल्क पुढील सत्रात वळते करून दिले, याविषयी माझ्या पाहण्यातील स्मरणिकांत एक ओळही नाही. 1938 च्या विद्यार्थ्यांची नावे आम्हांस पाठ आहेत. 1978 च्या विद्यार्थ्यांची संख्याही माहीत नाही. विरोधक व समर्थक यांच्या भूमिकांवर पुस्तके आहेत. परंतु महाविद्यालयाचा चालक त्या महिन्यात काय करीत होता, हा प्रश्न अद्याप कोणी विचारिलेला नाही.

त्या वर्षी मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मागील दोन बाके रिकामी झाली. अध्यापक रोजच्याप्रमाणे क्रमांक पुकारीत व उत्तर न आले की गैरहजेरीची खूण करीत. कोणी काही विचारिले नाही, मीही नाही. दिवाळीनंतर ते क्रमांक पुकारणेही बंद झाले. त्या महाविद्यालयाच्या स्मरणिकेत 1978-79 या वर्षाखाली वार्षिक निकाल व कबड्डीच्या संघाचे यश एवढेच नमूद आहे.

याउपर एक आक्षेप येईल की, आता परिस्थिती बदलली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 साली समतासंवर्धनाचे विनियम करून प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष व भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी असावा असे सांगितले, आणि मूल्यांकनाच्या अहवालांत समावेशक वातावरणाचा रकाना असतो. हे खरे आहे. परंतु जे अहवाल मी चाळिले, त्यांत त्या रकान्याखाली साजऱ्या केलेल्या जयंत्या व घेतलेल्या शपथा यांचीच गणती आढळली. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे गळिताच्या हंगामात, म्हणजे दिवाळीपासून चैत्रापर्यंत, पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कोयता घेऊन जातात. त्यांच्या मुलामुलींपैकी जे महाविद्यालयात नाव घालितात, त्यांची प्रात्यक्षिके त्याच महिन्यांत येतात. मुलीची अडचण याहून मोठी. तिला गावी एकटी ठेवण्यास आई धजत नाही, म्हणून लग्न तरी होते किंवा फड तरी. 2021 साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे मंजूर केली. कोल्हापुरातील बोर्डिंगनंतर एकशे वीस वर्षांनी आम्ही पुन्हा त्याच पहिल्या पायरीवर आलो, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. अमुक महाविद्यालयाने प्रात्यक्षिके भाद्रपदात आटोपली, असे एखाद्या अहवालात वाचावयास मिळाले असते, तर मी जयंत्यांची सर्व पाने आनंदाने क्षम्य मानिली असती.

भावी संशोधकास माझी विनंती एवढीच की, त्याने स्मरणिका शेवटी वाचाव्या. आधी हजेरीपट, प्रवेशनोंदवही, वसतिगृहाच्या भोजनखर्चाची वही, शुल्कमाफीचे अर्ज व नादारीचे दाखले पाहावे. चालकाची वृत्ती भाषणात उतरत नाही, ती या वह्यांच्या शेऱ्यांत उतरते : 'शुल्क येईपर्यंत वर्गात बसू द्यावे' असा एका ओळीचा शेरा व त्याखालची सही हा अस्सल कागद होय. असे शेरे मुबलक असतील, मिलिंदबाहेरही असतील, व ते सापडले तर वर केलेली काही विधाने मला आनंदाने मागे घ्यावी लागतील. अडचण आहे ती वेगळीच. या वह्यांस जतन करण्याची मुदत असते, ती संपली म्हणजे त्या रद्दीत जातात किंवा तळघरात वाळवीच्या स्वाधीन होतात. स्मरणिका मात्र कापडी बांधणीत ग्रंथालयात राहते.

गेल्या वर्षी मी त्या महाविद्यालयात जाऊन 1978 चा हजेरीपट पाहावयास मागितला. कार्यालयातील गृहस्थांनी अगत्याने चहा दिला, कपाट उघडून दाखविले आणि 1990 पूर्वीचे काही उरले नाही असे सांगितले. मग त्यांनी सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची एक प्रत भेट म्हणून माझ्या हाती दिली.